पाव्हण्यांची खिडकी

त्या दिशी तिथं कोण कोण हुतं ते आदी सांगती, म्हंजी मागनं कुणी म्हणाय नको की म्हातारीनं रचून सांगितलं. दुधाचं क्यान घिऊन मी हुती. वरच्या आळीचं सुभेदार आबा हुतं, मिल्ट्रीतनं पेन्शनीत आल्यालं. टॅक्सीवालं इलाहीभाई हुतं. घरात, आतनं कडी लावून, माझी सून अश्विनी हुती आन दहा म्हयन्यांची नात स्वरा हुती. माझा ल्योक संपत न्हवता, त्यो टॅक्सी घिऊन साताऱ्याला गेला हुता. आन पाव्हणं हुतं. हातात कुऱ्हाड घिऊन भर पावसात माझं घर फोडत हुतं.

त्याला दोन पावसाळं झालं. आजून सुदीक भांडी घासता घासता ती कुऱ्हाड डोळ्याफुडं येती आन माझा हात थांबतो.

मी चौथीपतूर शिकलीया. आक्षर वाकडं हाय पर माझंच हाय.

पाव्हण्यांचं नाव लिवणार न्हाई. त्यांच्या हयातीत वाडीत कुणी त्यांचं नाव घेतलं न्हाई, मीच कशाला घिऊ? भाईरनं आल्यालं म्हणून पयल्या दिशी कुणीतरी पाव्हणं म्हनलं, ते कायमचंच पाव्हणं झालं. जातीनं ज्यू. मूळ गाव कोकणात, अलिबागच्या अंगाला. वाडवडील तेलाचा घाणा चालवायचं आन शनवारी बंद ठेवायचं, म्हणून तिकडं त्यास्नी शनवार तेली म्हणत्यात. बोलायचं मराठीच, उलट आमच्यापरीस सुद्द. महाबळेश्वरातल्या हाटेलांचं गिझर, बंब, पंप दुरुस्त करण्यात आयुक्ष गेलं. बायको वारली तवा ल्योक पुण्याला न्ह्यायला आला. त्याला म्हणालं, "मला आता गप्प बसायचंय. तुझ्या पुण्यात गप्प बसायला जागा नाही."

आन आलं आमच्या वाडीत. डोंगराच्या उताराला, माझ्या दाराच्या अगदी समोर दोन खोल्या घेतल्या. मधी एक गाडी जाईल येवढीच वाट.

गप बसायला जागा शोधली ती बी माझ्यासमोर!

माझं म्हायार कडेगावकडलं, उसाच्या रानातलं. लगीन करून हितं डोंगरात आली. मालक दगडाच्या खाणीत वारलं तवा संपत आंगावर पीत हुता. स्टॉबेरीच्या वाफ्यात वाकून वाकून कंबर गेली, मंग हाटेलाच्या चादरी धुतल्या, चादरीनं हात गेलं तवा पाव्हण्यांच्या घरी सैपाकाला लागली. ह्यात रडण्यासारकं काय न्हाई. आमच्या आळीत सगळ्याच बायांचं आसं हुतं.

त्यांच्या घरचं कायदं लय. मटणाचं भांडं येगळं, दुधाचं भांडं येगळं, पळी सुदीक येगळी. शुक्रवारी सांजच्याला चूल इझली की शनवारी चांदण्या दिसंपतूर पेटवायची न्हाई, बत्तीचं बटण दाबायचं न्हाई, फोन उचलायचा न्हाई. मी शुक्रवारीच डाळभात शिजवून भुश्श्याच्या खोक्यात पुरून ठेवायची, त्यो दुसऱ्या दिशी कोंबट ऱ्हायचा. शनवारी माणूस राजावानी बसायचा. बाकीचं सा दिस मातर कुणाचा पंप, कुणाचा शिट्टी न मारणारा कुकर, कुणाचा गळका नळ. पैसं दिलं तर घ्यायचं, न्हाई दिलं तर शिव्या द्यायचं आन फुडच्या वक्ताला परत यायचं.

सकाळची प्रार्थना म्हंजी बघण्यासारकी. आदी नुस्तं गप बसायचं. मंग डोक्यावर पांढरी शाल, तिच्या चार कोपऱ्यांला दोरं लोंबत्याली. कपाळावर एक काळी डबी, डाव्या दंडावर एक, आन चामड्याचा काळा पट्टा हाताला बोटापतूर गुंडाळल्याला. मंग खिडकीकडं तोंड करून पाय जुळवून हुबं ऱ्हायचं. ते एकदा हुबं ऱ्हायलं की पत्थर. कुणी हाक मारा, घराला आग लागू द्या, वळायचं न्हाईत.

मी पयल्यांदी म्हनलं, "आवं पाव्हणं, गप बसायचंय तर त्या आतल्या खोलीत बसा की. हितं खिडकीत सगळी वाट दिसती. कोंबड्या, पोरं, माझी भांडणं."

"आमच्यात खिडकी नसलेल्या खोलीत प्रार्थना करत नाहीत, वैनी."

"का?"

"ते ज्यानं सांगितलं त्याला विचारा. मला विचारलं असतं तर मी भिंत घालायला सांगितली असती."

आन खरंच तसं हुतं. ह्या माणसाला देव पायजे हुता आन आमी नको हुतो, पर त्याचा देव म्हणायचा, मी पायजे तर त्यास्नी बी घे. ह्या दोघांचं भांडण मी रोज समोरनं बघायची. प्रार्थना सपली, डबी सोडली, की पयलं वाक्य आमचं. "संपतला सांगा, टॅक्सीचा पट्टा चिरकतोय." "तुमची गाय खोकतेय, वैनी."

"आवं, तुमी देवाकडं बघतासा का माझ्या गाईकडं?"

"खिडकी त्यानं ठेवायला सांगितली. तक्रार त्याच्याकडं करा."

एकदा म्हणालं, "तुमच्या बुवा लोकांचं बरं असतं, वैनी. डोंगरात जाऊन बसले की लोक पाया पडतात. आमच्यात तसं बसलं तर विचारतात, कामधंदा नाही का? लग्न करा, पोरं वाढवा, दहा माणसं गोळा करा, मग मोठ्यानं देवाचं नाव घ्या. दहापैकी नऊ भांडखोर असली तरी दहाच लागतात."

आन एक गोष्ट सांगायचं, ती मला लय आवडायची. त्यांच्या जुन्या देवळात एक सगळ्यात आतली खोली हुती. वर्सातनं एक दिस, एकटा मोठा पुजारी तिथं जायचा. आन त्याला ताकीद हुती, आतली प्रार्थना लांबवायची न्हाई.

"का वो?"

"बाहेर माणसं उभी असतात. उशीर झाला की त्यांना वाटतं, मेला की काय आत. त्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही."

"देवाफुडं गेलं तरी भाईरच्यांचा इचार?"

"तेच तर!" पाव्हणं रागानं म्हणालं. "तेच तर म्हणतो मी. सोडतच नाहीत माणसाला."

एका दसऱ्याच्या आगंमागं मी झाडत हुती आन ते प्रार्थनेत हुबं. दाराच्या फटीतनं घोणस आत आली. सरळ गेली, त्यांच्या पायावर चढली आन थांबली. मी केरसुणी टाकून अशी किचाळली की सुभेदार आबा वरच्या आळीतनं काठी घिऊन पळत आलं. पाव्हणं हललं न्हाईत. ओठ तेवढं हलत हुतं. ते जनावर पावलावरनं उतरलं, भित्तीकडंनं भाईर गेलं. प्रार्थना सपवून, तीन पावलं मागं सरून, ते वळलं.

"ओरडलात कशाला, वैनी?"

"साप हुता पायावर!"

"माहीत आहे. थंड लागत होता. साप टाचेला वेटाळला तरी थांबायचं नाही असं आहे आमच्यात. विंचू असला तर थांबायची परवानगी आहे."

"मंग इंचू लाडका का?"

"विंचू उगाच नांगी मारतो. सापाला नाही डिवचलं तर तो जातो."

सुभेदार आबा घाम पुसत म्हणालं, "पाव्हणं, मिल्ट्रीत म्या लय येडी बघितली. तुमचा नंबर वरचा." तवापास्नं वाडीत सगळ्यांला ठावं झालं, हा माणूस प्रार्थनेला हुबा ऱ्हायला की जीव गेला तरी हलत न्हाई.

आता पावसाचं सांगती. आमच्याकडला पाऊस चार म्हयनं नुस्ता वतत आसतो, आन वारं त्याला आडवा मारतं. म्हणून मे म्हयन्यात घरं बांधून घ्यायची. गवताचं जाड झाप करून भित्तींला, खिडक्यांला भाईरनं लावायचं. दार तेवढं मोकळं. चार म्हयनं आतनं घर काळंमिट्ट आसतं, पर कोरडं. पाव्हणं मातर खिडकीला झाप लावून घ्यायचं न्हाईत. पाऊस आत यायचा, तर शालीवरनं प्लास्टिकचं इरलं पांघरून हुबं ऱ्हायचं. पोरं हसायची. ते आपलं भिजत हुबं.

त्या वर्साला मातर मे म्हयन्यात मला म्हणालं, "वैनी, यंदा खिडकी बुजवायची."

मी हातातलं पीठ तसंच ठेवलं. "आवं पर तुमच्या पोथीत..."

"पोथीला तुमच्यासमोर राहावं लागत नाही. मी थकलो. मरायच्या आधी एक पावसाळा मला एकट्यानं त्याच्याजवळ बसू द्या."

गवतवाल्यानं झाप लावला. पयलं काय दिस पाव्हणं खूश. अंधारात बत्ती लावून बसायचं, जेवण बी दाराशीच घ्यायचं. कुणाचा पंप न्हाई आन कुणाचा नळ न्हाई. मंग मला वाटायला लागलं माणूस सुकतोय. जुलैच्या मध्याला एकदा दुपारची मी ताट घिऊन गेली तर आत मोठमोठ्यानं बोलणं चालल्यालं. दुसरं कुणी न्हवतं. मला बघून गप झालं. हळूच म्हणालं, "वैनी, कोंडून घेतलेला माणूस आपलं आपल्याशीच बोलायला लागतो, आणि त्याला वाटतं देव बोलतोय."

दुसऱ्या दिशी सकाळी त्यांनी आपल्या हातानं झाप ओढून काढला. पाऊस आत घुसला. परत इरलं घिऊन हुबं. त्याला आठ दिस बी झालं न्हवतं तवाच ते घडलं.

संपतनं त्या वर्साला एक नवं केलं हुतं. बाळ खोकत हुतं म्हणून झापाच्या आतनं निळं प्लास्टिक मारलं, छपराच्या कडंपतूर, खिळं ठोकून. लेकीच्या मायेनंच केलं. आदी गवतातनं धूर झिरपायचा, वारं यायचं. आता थेंब न्हाई का झुळूक न्हाई. आमी सगळी म्हनली, झ्याक झालं.

मंगळवार हुता. बाळाची दुपटी वाळंनात म्हणून अश्विनीनं उजाडताच कोळशाची शेगडी घरात पेटवली, तिच्यावर कोंबड्या झाकायची बांबूची डाल उपडी टाकून वर कापडं पसरली. आमच्याकडं घरोघरी आसंच वाळवत्यात. वाऱ्यानं दार आपटत हुतं म्हणून तिनं आतनं कडी लावली. मी क्यान घिऊन डेअरीला गेली. दुधाची गाडी घाटात अडकल्याली, मला उशीर झाला.

माघारी वळली तर वाटंवरनंच लाकूड फुटल्याचा आवाज. बघती तर पाव्हणं. डोक्यावर शाल, कपाळावर ती काळी डबी, हाताला पट्टा, आंगावर इरलं बी न्हाई. कुऱ्हाडीनं माझ्या घराच्या खिडकीवरला झाप फोडत हुतं. गवताचं पेंढं उडत हुतं, प्लास्टिक फडफडत हुतं, पाऊस सरळ घरात.

माझ्या हातनं क्यान पडलं. दूध चिखलात गेलं. मी जाऊन त्यांची शाल धरली. "आवं काय करताय! ल्हान बाळ हाय आत!"

त्यांनी मला झटकलं. त्यांच्या आंगात येवढी ताकद कुठनं आली कुणास ठावं. तवर सुभेदार आबा धावलं. त्यांनी हातातली कुऱ्हाड बघितली, ती कपाळावरची डबी बघितली, आन त्यास्नी वाटलं म्हातारा बिगडला. काठी उचलली आन घातली. डाव्या हातावर, पट्ट्यावरच. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

कुऱ्हाड पडली. पाव्हणं वळलं. त्यांचं तोंड मी कवाच इसरणार न्हाई. ते वरडलं, "ऐका!"

आमी थांबलो. काय ऐकायचं? पाऊस नुस्ता.

"ऐका की!"

आन मंग माझ्या ध्यानात आलं. आमी भाईर येवढा दंगा घातला, घर फोडलं, मी गळा काढला, आन आतनं सून भाईर आली न्हाई. आतनं बाळ रडलं न्हाई. माझ्या घरातनं कसलाच आवाज येत न्हवता.

पाव्हणं एका हातानं परत प्लास्टिक फाडाय लागलं. ह्या बारीला सुभेदार आबांनी त्यास्नी बाजूला सारलं, खांद्यानं खिडकी आत ढकलली आन उडी मारली. कडी निघाली. अश्विनी चुलीजवळ परातीवर पालथी पडल्याली, बोटांला पीठ तसंच. स्वरा झोळीत. उचलली तर मान लोंबली.

मी रडली न्हाई. मला रडायला आलंच न्हाई. मी नुस्ती म्हणत ऱ्हायली, "आता तर दूध पाजलं हुतं. आता तर पाजलं हुतं."

पाव्हण्यांनी बाळाला आपल्या शालीत गुंडाळलं. इलाहीभाईंनी जीप दाराला लावली, वाटंतलं कुंपण मोडून. "बाजी, तुम पुढं बसा, बाळाला खिडकीशी धरा, हवा लागू द्या," थोरल्या भनीला म्हणावं तसं येवढंच बोललं, आबा सुनंला धरून मागं बसलं, पाव्हणं त्यांच्या बाजूला, आन त्या धुक्यात अशी गाडी हाणली की मी आजून त्या वळणावर डोळं मिटती. वरच्या दवाखान्यात दोघींच्या नाकाला नळी लावली, मंग साताऱ्याला धाडलं. डाक्टरीण म्हणाली, कोळशाचं इखारी वारं. वास न्हाई, धूर दिसत न्हाई, माणूस झोपल्यावानी जातं. आजून जरा उशीर झाला आसता तर दोन्ही गेल्या आसत्या.

अश्विनीनं दुपारी डोळं उघडलं. स्वरा मातर उघडंना. आमी भाईरच्या बाकड्यावर बसून ऱ्हायलो. संपत आला, भित्तीला डोकं लावून हुबा ऱ्हायला. पाव्हणं हात डाक्टरला दाखवायला बी उठंनात, आन सुभेदार आबा त्या हाताकडं बघायचं न्हाईत. शेवटी मीच इचारलं.

"पाव्हणं, पायावर साप आला तवा तुमी हलला न्हाईसा. आज कसं आला?"

"साप माझ्या पायावर होता, वैनी. हा तुमच्या दारात होता."

मंग म्हणालं, "एक सांगतो. ऐकून घ्या, मग मला दारात उभं करायचं की नाही ते ठरवा."

"बोला की."

"रोज सकाळी मी उभा राहिलो की समोर तुमची भाकरी. थाप, थाप, थाप. आणि मग ती पोरगी रडणार. माझं चित्तच लागायचं नाही. म्हणून रोज सुरुवातीला मी त्याला सांगायचो, हा समोरचा आवाज तेवढा बंद कर. रोज सांगायचो. आज उभा राहिलो आणि आवाज नव्हता." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला बरं वाटलं, वैनी. अर्धी प्रार्थना होईपर्यंत मला फार बरं वाटत होतं."

आत माझी नात डोळं उघडंना, आन ह्या माणसानं...

"मंग?" मी म्हनलं.

"मग वाटलं, आज कसं ऐकलं त्यानं? माझं कधी ऐकत नाही तो."

पदरात इलाहीभाईंनी दिल्याली बिस्किटं हुती, ती फुडं केली. "खावा. सकाळधरनं उपाशी हायसा."

"प्रार्थना अर्धी राहिलीय. ती झाल्याशिवाय खात नाही."

"मंग करा की आदी."

तवा सुभेदार आबा उठलं. पयल्यांदीच बोललं. "हितं खिडकी हाय, पाव्हणं." आन कॉरिडॉरची ती गंजल्याली खिडकी त्यांनी दोन्ही हातांनी हिसडून उघडली. भाईर टॅक्स्यांचं हॉर्न, वडापाववाल्याचा गलका. पाव्हणं मोडका हात छातीशी धरून तिथं पाय जुळवून हुबं ऱ्हायलं आन पयल्यापास्नं सुरू केलं.

स्वरा सांजच्याला रडली. आख्ख्या वार्डाला ऐकू गेलं.

ती घरी आली तवा पाव्हण्यांनी माझ्या अंगणात त्यांच्यातल्या नवसाला पावणाऱ्या एलिया नबीच्या नावानं मलिदा केला. गूळखोबरं घातल्यालं पोहं, वर फळं. इलाहीभाई जेवलं, आबा जेवलं, गवतवाला जेवला. पाव्हण्यांचा हात कोपराखाली प्लास्टरात हुता, त्यास्नी दंडावर डबी बांधता येईना. तर रोज सकाळी सुभेदार आबा येऊन बांधायचं, मिल्ट्रीतली पट्टी बांधावी तशी.

"घट्ट बसली का?"

"रक्त थांबलं माझं! देवाला भेटायचंय, लढाईला नाही जायचं."

आन त्यानंतर एक नवीनच खूळ लागलं. आमची भाकरी जरा उशिरा सुरू झाली की प्रार्थनेला हुबं ऱ्हायच्या आदी समोरनं हाक यायची. "अश्विनी! थापा की गं! मी खोळंबलोय!" अश्विनी हसत हसत परातीवर हात आपटायची. दोन थापा ऐकल्या की मंग पाव्हणं शाल डोक्यावर घ्यायचं.

ह्या हिवाळ्यात ते झोपेतच गेलं. सकाळी हाक आली न्हाई म्हणून मीच जाऊन दार ढकललं. पुण्यासनं त्यांची माणसं आली, दहाच्या वर हुती, आन घिऊन गेली.

वाचणाऱ्याला माझं येवढंच मागणं हाय. पावसाळ्यात शेगडी पेटवलीसा तर घर सगळं बुजवू नगासा. आन शेजारच्या घरातनं रोजचा आवाज आला न्हाई, तर हातातली पूजा, नमाज, जेवण, काय आसंल ते ठेवा, आन जाऊन दार वाजवा. शिव्या पडल्या तरी वाजवा.